वडिलांशिवाय वाढलेल्या मुली आणि लग्नाची भीती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाचा विषय निघाला की ज्यांच्या पोटात गोळा येतो, आणि लहानपणी वडील नसण्याशी याचा काही संबंध असेल का अशी शंका ज्यांना येते, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. लग्न करा किंवा करू नका, असं पटवून देण्याचा इथे हेतू नाही. प्रश्न साधारण जसे विचारले जातात तसेच ठेवलेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत संपतात, कारण सगळ्या प्रश्नांत सारखंच बोलण्यासारखं नसतं.

मला लग्नाची भीती वाटते. हा आजार आहे का?

बहुतेक वेळा नाही. या भीतीला ‘गॅमोफोबिया’ असं नाव आहे आणि इंटरनेटवर ते सर्रास वापरलं जातं. पण अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत, म्हणजे २०१३ साली आलेल्या ‘डीएसएम-५’मध्ये, या नावाचा वेगळा आजार नाही. भीती फार तीव्र असेल, साधारण सहा महिने किंवा जास्त टिकली असेल आणि तिच्यामुळे रोजचं जगणं अडत असेल, तर तज्ज्ञ ‘विशिष्ट भयगंड’ या गटात तिचा विचार करतात. मैत्रिणीच्या लग्नालाही जाववत नाही, विषय काढला तरी छाती धडधडते आणि श्वास कोंडतो, असं होत असेल तर डॉक्टरांना जरूर भेटा.

‘हो’ म्हणायच्या वेळी पाय मागे येणं मात्र आजार नाही. जी गोष्ट घरात जवळून कधी पाहिलीच नाही, ती जन्मभरासाठी करायला सांगितल्यावर माणूस दचकणारच.

वडील कसे नव्हते, यानं फरक पडतो का?

खूप पडतो, आणि नेमकं याकडेच दुर्लक्ष होतं. ‘वडिलांशिवाय वाढलेल्या’ म्हटलं की सगळ्याजणींना एकाच रांगेत बसवलं जातं. पण वडील वारलेले असतात, सोडून गेलेले असतात, घटस्फोटानंतर अधूनमधून भेटणारे असतात, कामापायी वर्षानुवर्षं दूर राहिलेले असतात, तुरुंगात असतात, किंवा त्यांनी मुलीला कधी आपलं म्हटलेलंच नसतं. या प्रत्येक घरातून वेगळी भीती घेऊन मुलगी बाहेर पडते.

मेव्हिस हेदरिंग्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचा १९७२ सालचा एक अभ्यास या बाबतीत आजही सांगितला जातो. १३ ते १७ वयाच्या ७२ मुली, प्रत्येकी २४ जणींचे तीन गट. एका गटातल्या मुलींचे आईवडील एकत्र राहत होते, दुसऱ्या गटातल्या मुलींच्या आया घटस्फोटित होत्या, तिसऱ्यातल्या विधवा. मुलाखतीच्या खोलीत वेगवेगळ्या अंतरावर तीन खुर्च्या होत्या आणि मुलीनं हवी ती घ्यायची होती. मुलाखत घेणारा पुरुष असला की घटस्फोटित आयांच्या मुली बहुधा त्याच्या सगळ्यात जवळची खुर्ची घेत, आणि विधवा आयांच्या मुली सगळ्यात लांबची. पहिल्या त्याचं लक्ष वेधायला धडपडत, दुसऱ्या अवघडून बसत आणि नजर चुकवत.

अभ्यास जुना आहे, लहान आहे, एकाच देशातल्या एकाच सामाजिक थरातल्या मुलींवरचा आहे. त्यावरून कुणी स्वतःचं भविष्य सांगू नये. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: वडील दोन्ही गटांत नव्हते, आणि तरी मुलींचं वागणं अगदी उलट होतं.

याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. वारलेले वडील घरात फोटोत राहतात आणि बरेचदा देवासारखे होतात. त्यांनी कधी आवाज चढवल्याचं, पैशांवरून कटकट केल्याचं कुणी सांगत नाही. मग जिवंत पुरुष त्यांच्या पासंगालाही पुरत नाही. त्याशिवाय तळाशी एक भीती असते की चांगलं माणूस कधीही अचानक जातं. सोडून गेलेल्या वडिलांच्या बाबतीत भीतीची जात वेगळी. तिथे माणूस गेला नाही, त्यानं जायचं ठरवलं. लहान मुलीच्या डोक्यात मग एकच हिशेब उरतो: माझ्यात काहीतरी कमी असणार. पुढे ती पस्तिशीची होते, तो हिशेब चुकीचा होता हे तिला बुद्धीनं कळतंही, पण कुणी आयुष्यभराचं वचन देऊ लागलं की तोच हिशेब परत वर येतो.

वडील घरातच होते, पण नसल्यासारखे. मग मी यात मोडते का?

हो. पॉलिन बॉस या अमेरिकन संशोधक बाईंनी ‘संदिग्ध वियोग’ ही कल्पना मांडली. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांवर त्यांनी १९७०च्या दशकात काम केलं होतं: माणूस देहानं नाही, पण मेल्याचंही नक्की नाही, त्यामुळे घरच्यांना धड रडताही येत नाही. याची दुसरी बाजूही त्यांनी दाखवली, देहानं हजर आणि मनानं गैरहजर असलेलं माणूस. त्यांच्या विचाराची सुरुवातच मुळी घरात असूनही मनानं नसलेल्या वडिलांपासून झाली होती.

व्यसन, नैराश्य, कामाचं वेड, नुसता अबोला, कारण काहीही असो. अशा घरातल्या मुलीची एक जास्तीची अडचण असते. ‘तुला तर वडील आहेत’ असं तिला ऐकवलं जातं, त्यामुळे आपल्याला कशाची उणीव आहे हे तिला स्वतःलाही म्हणता येत नाही. लग्नाची भीतीही मग वेगळीच असते. नवरा सोडून जाईल याची तिला फारशी धास्ती नसते. तो त्याच घरात राहील, जेवेल, झोपेल, आणि तरी नसेल, याची असते. अशा मुलींना एकटं राहणं कितीतरी सोपं वाटतं, आणि त्यांचं ते म्हणणं मला अजिबात चुकीचं वाटत नाही.

आमच्या घरी वडिलांचा विषयच निघत नसे. त्याचा काही संबंध असेल का?

असू शकतो. मूल गप्प बसलेल्या घरातही ऐकत असतं. वडिलांचं नाव काढलं की आईचा चेहरा बदलतो, आजी विषय बदलते, एवढं त्याला पुरतं. काय घडलं हे कुणी सांगत नाही, तेव्हा मूल ते स्वतः रचतं, आणि मुलांनी रचलेल्या गोष्टीत दोष बहुधा त्यांचा स्वतःचाच असतो.

उलट प्रकारही असतो. काही घरांत वडिलांचा विषय रोज निघतो, पण शिवीसारखा. ‘सगळे पुरुष तसलेच’ हे वाक्य आईनं दुःखाच्या भरात म्हटलेलं असतं, मुलीनं ते नियम म्हणून पाठ केलेलं असतं. आईचा त्यात दोष काढायला मी तयार नाही. तिच्यावर जे गुदरलं ते तिलाच ठाऊक. पण आता तुम्ही मोठ्या झाला आहात, तर तिला बसवून एकदा विचारा: तुमचं लग्न कसं झालं, सुरुवातीला चांगलं होतं का, पहिल्यांदा कधी बिनसलं? बऱ्याच मुलींना शेवट तेवढा माहीत असतो. सुरुवात माहीतच नसते.

माझी भीती नेमकी कसली आहे हे कसं ओळखू?

‘लग्नाची भीती’ हे ढोबळ नाव आहे. ते बाजूला ठेवा आणि एक वाक्य पुरं करून पाहा: ‘मी लग्न केलं तर एक दिवस...’ पुढे जे पहिलं येईल ते लिहा. सुंदर नको, खरं हवं. असं लिहायला बसलेल्या बायकांच्या कागदावर निरनिराळ्या गोष्टी उतरतात.

कुणी लिहितं, ‘तो निघून जाईल’. ही सोडलं जाण्याची भीती, आणि ती ओळखायला सगळ्यात सोपी.

कुणी लिहितं, ‘मी त्याच्यावर अवलंबून राहीन’. ही भीती वरवर स्वाभिमानासारखी दिसते, म्हणून तिला भीती म्हणून कुणी ओळखतच नाही. लहानपणापासून गॅस सिलिंडर बदलण्यापासून फॉर्म भरण्यापर्यंत सगळं स्वतः केलेली मुलगी मदत मागायलाच शिकलेली नसते. तिला नवऱ्याची भीती वाटत नाही. कुणाची सवय लागण्याची वाटते.

कुणी लिहितं, ‘लग्नात नेमकं काय करायचं असतं, तेच मला कळणार नाही’. याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून इथे थोडं थांबते. आईवडिलांना भांडून पुन्हा बोलताना पाहिलेलं मूल नकळत शिकतं की भांडण संपतं. रात्री दार आपटलं गेलं तरी सकाळी दोघं चहा पितात. ज्या मुलीनं हे कधी पाहिलं नाही, तिच्यासाठी पहिलं मोठं भांडण म्हणजेच शेवट असतो. मग ती भांडतच नाही, सगळं गिळते आणि एक दिवस बॅग भरते. नाहीतर प्रत्येक छोट्या वादात ‘मग वेगळे होऊ या’ असं म्हणून टाकते. ही मनाची जखम असेलच असं नाही. ही न शिकलेली गोष्ट आहे, आणि न शिकलेलं मोठेपणीही शिकता येतं.

आणि कुणी लिहितं, ‘आईचं काय होईल?’ त्याचं उत्तर पुढे वेगळं दिलं आहे, कारण ती भीती स्वतःच्या लग्नाची नसतेच.

सगळं छान चाललेलं असतं, पण लग्नाचं बोलणं सुरू झालं की मी पळ काढते. असं का होतं?

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर अनुबंधाचा, म्हणजे जवळच्या माणसाशी जुळणाऱ्या भावनिक बंधाचा, सिद्धांत मांडला: ज्यांच्यावर आपण विसंबतो त्यांच्याशी आलेल्या अनुभवांतून मूल ‘माणसं असतात की जातात’ याचा अंदाज बांधतं. मेरी एन्सवर्थ यांनी साधारण वर्ष-दीड वर्षाच्या बाळांवर प्रयोग करून या अनुबंधाचे प्रकार दाखवले. आई थोडा वेळ बाहेर जाऊन परत आली की काही बाळं तिला बिलगून शांत होतात, काही रडत राहतात, आणि काही जणू काही झालंच नाही अशी खेळत बसतात. पुढे १९८७ साली सिंडी हॅझन आणि फिलिप शेव्हर यांनी एका वर्तमानपत्रात प्रश्नावली छापून हेच मोठ्यांच्या प्रेमसंबंधांत तपासलं. निम्म्याहून थोड्या अधिक लोकांनी स्वतःला ‘सुरक्षित’ प्रकारात बसवलं, साधारण चौथाई लोकांनी ‘टाळणाऱ्या’ प्रकारात, उरलेल्यांनी ‘चिंतातुर’ प्रकारात.

पळ काढणं बहुधा त्या टाळण्यातून, म्हणजे जवळीक वाढली की मागे सरण्यातून, येतं. नातं हलकं असतं तोवर धोका नसतो, कारण गमावण्यासारखं फार नसतं. समोरचा माणूस खराच राहणार असं दिसू लागलं की धोका वाढतो. मग त्याच्या हसण्याचा, जेवताना येणाऱ्या आवाजाचा अचानक वैताग येऊ लागतो. आपल्याला वाटतं प्रेम आटलं.

एक खूण सांगते. वैताग तो जवळ असताना वाढतो आणि तो चार दिवस लांब गेला की ओसरून त्याची आठवण येऊ लागते, असं वारंवार होत असेल, तर प्रश्न बहुधा त्याच्या हसण्याचा नाही.

ही लेबलं मात्र कपाळावर चिकटवून फिरू नका. ती बदलतात, माणसागणिकही बदलतात. मित्राजवळ मोकळी असलेली बाई प्रियकराजवळ गोठते, असंही असतं. शिवाय अनुबंध फक्त वडिलांशी नसतो. आई, आजी, मामा, एखाद्या शिक्षिका, यांच्यापैकी कुणी भक्कम उभं राहिलं असेल तर तेही आत साठलेलं असतं.

आईवडिलांचा घटस्फोट झाला, म्हणजे माझाही होणार का?

असं काही ठरलेलं नसतं.

ज्युडिथ वॉलरस्टीन यांनी १९७१ पासून कॅलिफोर्नियातल्या ६० घटस्फोटित कुटुंबांतल्या १३१ मुलांचा पंचवीस वर्षं मागोवा घेतला. लहानपणी सावरल्यासारख्या दिसणाऱ्या काही मुली तारुण्यात, नेमक्या नातं जुळायच्या वेळी, घाबरून मागे हटत होत्या, असं त्यांना दिसलं. हे वाचून अनेकींना ‘ही माझीच गोष्ट’ असं वाटतं. पण त्या अभ्यासावर टीकाही बरीच झाली: कुटुंबं थोडी होती, आणि सुरुवातीला तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. हेदरिंग्टन यांनीच पुढे जवळपास तीन दशकं सुमारे १,४०० कुटुंबांचं निरीक्षण केलं. त्यांच्या हिशेबानं घटस्फोटित घरांतल्या साधारण २५ टक्के मुलांना गंभीर भावनिक किंवा सामाजिक अडचणी आल्या. एकत्र राहिलेल्या घरांत हे प्रमाण १० टक्के होतं. म्हणजे धोका वाढतो हे खरं, आणि चारांतली तिघं मुलं ठीकठाक मोठी झाली हेही तितकंच खरं. वर्तमानपत्रं पहिलं वाक्य छापतात.

तुमच्या भीतीशी थेट जोडलेला अभ्यास २००८ सालचा आहे. सारा व्हिटन आणि सहकाऱ्यांनी लग्न ठरलेल्या २६५ जोडप्यांना प्रश्न विचारले. ज्या स्त्रियांचे आईवडील विभक्त झाले होते त्यांचा आपलं लग्न टिकेल यावरचा विश्वास आणि बांधिलकी, दोन्ही कमी होती. पुरुषांमध्ये हा फरक दिसला नाही. म्हणजे भीतीचं हे ओझं मुलींच्या वाट्याला जास्त येताना दिसतं. तरी त्या सगळ्याजणी लग्नाला उभ्या होत्याच.

आणखी एक. पॉल अमाटो आणि ॲलन बूथ या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांच्या कामातून असं दिसलं की सतत टोकाची भांडणं चालणाऱ्या घरांत आईवडील वेगळे झाले तर मुलांचं पुढे उलट बरं होतं. तुमच्या आईनं जे मोडलं ते कदाचित मोडण्याच्याच लायकीचं होतं.

‘बाप नसलेल्या मुलींना पुरुष कळत नाहीत’ असं लोक म्हणतात. खरं आहे का?

नाही. वडील असलेल्या मुलींनाही लग्नाआधी नवरा कळलेला नसतो. हे वाक्य जो तोंडावर म्हणतो, त्याच्या घरी लग्न करून जायचं की नाही, एवढा निर्णय मात्र या वाक्यामुळे सोपा होतो.

मी नेहमी चुकीचीच माणसं निवडते. वयानं मोठी, विवाहित, किंवा दूर राहणारी. यात वडील शोधतेय का?

‘वडील शोधतेय’ हे स्पष्टीकरण फार घाईनं दिलं जातं. वयानं मोठा माणूस आवडणं यात स्वतःहून काही बिघडलेलं नाही. या सगळ्या माणसांत समान काय आहे ते बघा: यांच्यापैकी कुणाशीच लग्न होण्याची वेळ येणार नव्हती. ज्याला लग्नाची धास्ती आहे त्याच्यासाठी अशी निवड सोयीची असते, कारण नकार द्यायची वेळच येत नाही. दुसरं म्हणजे, वडिलांची वाट पाहण्यात लहानपण गेलं असेल तर वाट पाहणं आणि प्रेम यांची मनात सांगड बसते. जो वेळेवर फोन करतो तो मग फिका वाटतो. अशा फिक्या माणसाला दोन महिने तरी द्या. ओढ हळू तयार होते की होतच नाही, हे त्याशिवाय कळत नाही.

मी लग्न केलं तर आई एकटी पडेल. हा अपराधीपणा कसा घालवायचा?

आई आणि मुलगी दोघीच राहिलेल्या घरात मुलगी फक्त मुलगी राहत नाही. ती आईची मैत्रीण होते, सल्लागार होते, कधी कधी घरातला दुसरा मोठा माणूस होते. तिच्या लग्नानं घरातली अर्धी माणसं कमी होतात. त्यामुळे तुम्हाला वाटतं ते वेडगळ नाही, त्यात खरा प्रश्न दडलेला आहे.

तो व्यवहाराच्या पातळीवर आणा. आई कुठे राहील, तिचं दुखलंखुपलं कोण बघेल, पैशांचं काय, आठवड्यातून किती वेळा भेटणार. जोडीदाराशी लग्नाआधी हे स्पष्ट बोला. ‘माझ्या आईची जबाबदारी माझी आहे आणि लग्नानंतरही राहील’ यावर त्याची पहिली प्रतिक्रिया काय येते, त्यावरून तुम्हाला बरंच काही कळेल.

आणि आईलाही विचारा. अनेक मुली आईसाठी थांबतात आणि आई बिचारी मुलीच्या लग्नाची वाट बघत असते. कधी उलटही असतं: आई तोंडानं ‘माझी काळजी करू नकोस’ म्हणते आणि प्रत्येक स्थळात खोट काढते. तसं असेल तर तिच्यावर रागावण्याआधी लक्षात घ्या, सोडून दिलं जाण्याची भीती तिलाही आहे. तुमच्या आधीपासून आहे.

ही माझी जुनी भीती आहे, की हा माणूसच बरोबर नाही? कसं ओळखायचं?

मला यातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो. एकदा ‘वडील नव्हते म्हणून घाबरते’ असं ठरलं की खऱ्या धोक्यालाही तेच कारण चिकटवलं जातं. समोरचा माणूसही मग ते वापरतो: ‘तुझा प्रॉब्लेम आहे, मी काही केलेलं नाही.’

जुनी भीती माणसागणिक बदलत नाही. कुणीही आलं तरी ती साधारण त्याच टप्प्यावर वर येते आणि तिला पुरावा लागत नाही. खऱ्या धोक्याला तारीख-वार असतो. तुम्ही सांगू शकता की त्या दिवशी तो वेटरवर ओरडला, माझा फोन तपासला, कर्जाबद्दल खोटं बोलला, मैत्रिणींना भेटू नकोस म्हणाला. तुमच्या घाबरण्याला असे प्रसंग जोडता येत असतील तर भीतीवर उपचार करत बसू नका, त्या माणसाकडे नीट बघा. नियंत्रण, धमकी, मारहाण, पैशांची लपवाछपवी, यातलं काही असेल तर तुमचं लहानपण कसंही गेलेलं असो, भीती बरोबर आहे.

अजून एक कसोटी चालते. ‘मला भीती वाटते, थोडा वेळ हवा’ असं त्याला सांगून पाहा. थोडा दुखावेल, तेवढं चालेल. पण जो चिडतो, मुदत घालून देतो, किंवा घरच्यांना पुढे करून दबाव आणतो, त्यानं तुमचं काम सोपं केलं.

जोडीदाराला वडिलांबद्दल किती आणि कधी सांगावं?

नातं गंभीर होतंय असं वाटू लागलं की मोजकं सांगा, सगळं नको. काय घडलं हे दोन वाक्यांत पुरे. त्याला उपयोगी पडेल तो भाग वेगळाच आहे: त्यामुळे तुम्हाला आज काय होतं. ‘तू न सांगता उशीर केलास की मी घाबरते आणि मग रागावल्यासारखी वागते’ हे वाक्य वडिलांच्या पूर्ण इतिहासापेक्षा जास्त कामाचं आहे.

लग्नाआधी वडिलांना शोधून भेटावं का?

भेटून काय हवंय ते आधी ठरवा. त्यांचा चेहरा बघायचा असेल, आजारांचा कौटुंबिक इतिहास विचारायचा असेल, एकदा तोंडावर बोलून टाकायचं असेल, तर भेट उपयोगी ठरू शकते, कारण या गोष्टी तुमच्या हातात आहेत. माफी हवी असेल तर जपून. ती त्यांच्या हातात आहे, आणि जो माणूस वीस वर्षं आला नाही तो अर्ध्या तासात बदललेला नसतो. लग्नाच्या गडबडीत ही भेट ठरवू नका, आणि एकटीनं जाऊ नका.

समुपदेशनात नेमकं काय होतं?

भूतकाळ उकरून रडवतात अशी समजूत आहे. तसं दर वेळी नसतं. काही तज्ज्ञ आजच्या विचारांवर काम करतात: ‘तो जाणारच’ या खात्रीला आधार काय, विरुद्ध पुरावा काय. काही भीतीला पायरीपायरीनं सामोरं जायला शिकवतात. जोडीदारासह जायचं असेल तर जोडप्यांसाठीचे उपचारही असतात.

लहानपणाबद्दल बोलणं होतंच, पण त्यामागे एक विचार असतो. मेरी मेन आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात मोठ्यांच्या अनुबंधासाठी एक मुलाखत तयार केली. तीत आईशी आणि वडिलांशी असलेल्या नात्याला पाच-पाच विशेषणं द्यायला सांगतात, आणि मग प्रत्येक विशेषणाची खरी आठवण विचारतात. कोणी ‘प्रेमळ’ म्हणतं आणि एकही प्रसंग आठवत नाही. या मुलाखतीत बालपण किती वाईट होतं याला फारसे गुण नसतात. माणूस ते किती सुसंगतपणे, न लपवता आणि न वाहवत जाता सांगू शकतो, याला असतात. कठीण बालपण गेलेली पण ते नीट सांगू शकणारी माणसं ‘सुरक्षित’ प्रकारात मोजली जातात. याला कमावलेली सुरक्षितता म्हणतात. वडील परत आणता येत नाहीत, पण ही कमावता येते, आणि माझ्या मते या सगळ्या संशोधनातली सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट हीच.

भीतीबरोबर झोप उडाली असेल, जगावंसं वाटत नसेल, किंवा लहानपणी हिंसा वा लैंगिक अत्याचार झाला असेल तर वाट न बघता तज्ज्ञांकडे जा.

मला लग्न करायचंच नाही. ही भीतीच समजायची का?

गरज नाही. एक फरक तेवढा तपासा. लग्न न करण्याचा विचार केला की हलकं वाटतं आणि पुढच्या आयुष्याचं चित्र दिसतं, तर ती निवड आहे. फक्त सुटल्यासारखं वाटतं आणि पुढे काहीच दिसत नाही, तर अजून थोडा विचार करा. घाई तशीही कुणाचीच नाही, नातेवाइकांची सोडून.

मी जिच्याशी लग्न करू इच्छितो ती अशी घाबरते. मी काय करू?

‘मी तसा नाही’ हे पुन्हा पुन्हा सांगू नका. तिच्या वडिलांनीही बहुधा कधीतरी तेच सांगितलं होतं. सांगितलेल्या वेळेला या. उशीर होणार असेल तर कळवा. भांडण झालं की बोलणं बंद करून निघून जाऊ नका. डोकं शांत करायला वेळ हवा असेल तर ‘तासाभरानं बोलू’ म्हणा आणि तासाभरानं खरंच बोला. तुम्हाला हे कंटाळवाणं वाटेल, पण तिनं कधी न पाहिलेली गोष्ट हीच आहे. आणि तिचे वडील व्हायला जाऊ नका. ती जागा तुमची नाही, शिवाय त्यातून येणारा रागही तुम्हाला झेपणार नाही. तुमच्याही संयमाला मर्यादा आहे हे तिला प्रामाणिकपणे सांगणं यात गैर काही नाही, धमकी देणं वेगळं.

लग्न झालं, तरी भीती गेली नाही.

ती लग्नानं जाते असं कुणी सांगितलं असेल तर चुकीचं सांगितलं. पहिली काही वर्षं ती ठरावीक वेळी येते: नवरा आजारी पडला, प्रवासाला गेला, मूल झालं. मूल झाल्यावर तर अनेकींना धक्का बसतो, कारण नवऱ्याला बाळाला खेळवताना पाहून आनंदाबरोबर विचित्र मत्सर वाटतो, रडू येतं. आपल्याला काय मिळालं नव्हतं ते पहिल्यांदाच डोळ्यांसमोर घडत असतं. तसं झालं तर स्वतःला वाईट आई ठरवू नका, आणि नवऱ्याला सांगा, नाहीतर त्याला वाटेल त्याचंच काही चुकलं.

समारंभात जिथे वडिलांचं नाव किंवा जागा असते, तिथे मी काय करू?

आई, मामा, आजी, भाऊ, किंवा कुणीच नाही, यातलं काहीही चालतं. वारलेल्या वडिलांचं नाव घालायचं की नाही, हयात असलेल्यांना बोलवायचं की नाही, हे तुम्ही आणि आईनं मिळून ठरवा, काकांनी नाही. महत्त्वाचं हे की निमंत्रणं छापायच्या आधी ठरवा आणि समारंभ पार पाडणाऱ्या सगळ्यांना स्पष्ट कळवून ठेवा, म्हणजे भर गर्दीत कुणी ‘मुलीचे वडील कुठे आहेत?’ असं विचारणार नाही.